गोमाईची पहाट

मे महिन्यातली गोमाई पाहून परका माणूस तिला नदी म्हणणार नाही. गोट्यांचं रुंद पात्र, मधूनच वाळूचे पट्टे, काठाला बाभळी आणि खोलगट जागी साचून राहिलेले चार-दोन डोह. पण आम्ही शहादा तालुक्यातली माणसं तिला नदीच म्हणतो, कारण आम्ही तिला श्रावणात पाहिलेलं असतं. तेव्हा ती सातपुड्याची माती अंगावर घेऊन उतरते, पुलाखालून गढूळ पाण्याचा आवाज गावात ऐकू येतो, आणि प्रकाशाला जाऊन ती तापीत मिसळते. प्रकाशाला आमच्याकडे दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर ही देवळं तिथलीच. १९५४-५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्यानं तिथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर लागले. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हा संगम पाहून ठरवलं की इथे राहायचं. पाणी पाहूनच ठरवलं असणार. आणि त्या माणसांच्या आधीपासून हे पाणी पाहून इथे उतरणारे जीव होते: चक्रवाक, सुरय, पाणकावळे, टिटव्या.

पुरुषोत्तमनगर त्या मानानं कालचं पोर. पी. के. अण्णा पाटलांनी उभ्या केलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती हे नगर वसलं आणि अण्णांचंच पुरुषोत्तम हे नाव त्याला मिळालं. गाळपाच्या दिवसांत इथली हवा वेगळी असते. उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, पहाटेच्या धुक्यात मिसळलेला मळीचा जडसर वास, गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्यांचा धपधपाट. तालुक्यातल्या कितीतरी घरांची पहिली पक्की भिंत उसाच्या पैशातून उभी राहिली, पहिल्या मुलीची कॉलेजची फी उसाच्या पैशातून भरली गेली. माझंही घर त्यातलंच. म्हणून साखरेविषयी मला परक्यासारखं बोलता येत नाही, आणि नदीविषयी तर नाहीच नाही. या लेखात कुणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. मला विचारायचंय ते एवढंच: वापरून टाकलेलं पाणी नदीत गेलं की नदीतल्या जिवांना त्याचा किती धोका आहे, हे आपण कसं ठरवतो? आणि ठरवतो ते कुणाच्या बाजूनं?

साखरेपासूनच सुरुवात करतो, कारण तिच्यात सगळी गंमत, नाही, सगळं दुःख दडलेलं आहे. एक टन उसात साधारण सातशे लिटर पाणी असतं. ऊस पिळला की ते पाणी कारखान्यात उतरतं, त्यात धुण्याचं, यंत्रं थंड करण्याचं पाणी मिसळतं. म्हणूनच २०१६ साली केंद्र सरकारनं साखर कारखान्यांच्या सांडपाण्यावर टनामागे दोनशे लिटरची मर्यादा घातली. या पाण्यात काय असतं? मुख्यतः साखरच. थोडा रस, थोडी मळी, थोडं तेल. साखर विष नाही. कुठल्याही बेडकाच्या पिल्लाला चिमूटभर साखरेनं काही होत नाही. पण साखर पाण्यात गेली की जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, आणि खाताना ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. मासा विषानं मरत नाही, गुदमरून मरतो. जिवाणूंची ही भूक मोजायचं माप म्हणजे बीओडी, म्हणजे एक लिटर पाण्यातली घाण संपवायला जिवाणूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल तो आकडा. अंघोळीलायक नदीत तो तीनच्या आत असावा. गटारीच्या पाण्यात तो दीडशे ते तीनशे असतो. आणि जिथे मळीपासून दारू किंवा इथेनॉल काढतात तिथल्या उरलेल्या पाण्यात, म्हणजे स्पेंट वॉशमध्ये, तो चाळीस-पन्नास हजारांवर जातो. हिशेब करून पाहावा. दोनशे बीओडीचं एक लिटर गटारीचं पाणी तीनवर आणायला पासष्ट-सहासष्ट लिटर निव्वळ स्वच्छ पाणी लागेल. पन्नास हजाराच्या एका लिटर स्पेंट वॉशला सोळा हजारांहून जास्त. सोळा हजार लिटर म्हणजे दीड-दोन टँकर, एका लिटरमागे.

श्रावणात गोमाईकडे ते पाणी असतं. वैशाखात कुठून आणायचं?

आणि कारखान्यांवर बोट ठेवून आपण सुटत नाही. २०११ च्या जनगणनेत शहाद्याची लोकसंख्या साठ हजारांच्या वर होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ऐंशी टक्के पुन्हा गटारीत, हे नगररचनेचं नेहमीचं गणित धरलं तर एवढ्याशा शहरातून रोज साठ-पासष्ट लाख लिटर सांडपाणी निघायला हवं. त्यात आता दर घरातला कपड्यांचा साबण आहे, संडास धुण्याचं आम्ल आहे, औषधांच्या गोळ्यांचे अंश आहेत. केळी-पपईच्या मळ्यांवरून पावसात उतरणारं खत आणि फवारा वेगळाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, आणि त्या ५३ मध्ये आमची गोमाई आहे, नवापूरची रंगावलीही आहे. दोघी पाचव्या प्राधान्यात, म्हणजे बीओडी तीन ते सहाच्या दरम्यान. सगळ्यांत सौम्य गट. यादी वाचताना मला आधी बरं वाटलं. मग तो सौम्यपणा कुणासाठी, हा प्रश्न डोक्यात बसला तो उठलाच नाही.

हिवाळ्यात एखाद्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभं राहावं. नाक दाबावं लागतं, पण डोळे उघडे ठेवावेत. काळपट चिखलात शेकाट्यांचा थवा उभा असतो. लांबलचक गुलाबी पाय, काळे पंख, पांढरं पोट, सुईसारखी चोच. धोबी शेपूट हलवत काठानं पळत असतो. तुतारी चिखल टोचत असते. गायबगळे, वंचक, कधी काळे शराटी. वरच्या अंगाला, जिथे पाणी त्यातल्या त्यात नितळ आहे, तिथे पक्षी विरळ. आणि इथे गर्दी. माझ्याबरोबर आलेले एक शिक्षक म्हणाले होते, ‘पाणी एवढं वाईट असतं तर पाखरं आली असती का हो?’ हा प्रश्न भाबडा नाही. धोका ठरवणारी कितीतरी माणसं मनातल्या मनात हाच प्रश्न विचारतात आणि पक्ष्यांचा आकडा पाहून निश्चिंत होतात.

पाखरं का येतात, तर खायला मिळतं म्हणून. सांडपाण्याच्या गाळात जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो तिथे एका जातीच्या चिलटांच्या अळ्या मजेत वाढतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच रक्तातलं लाल द्रव्य असतं, उरलासुरला प्राणवायू धरून ठेवणारं. म्हणून त्या लालभडक दिसतात. बाकीचे किडे मेले किंवा निघून गेले की त्यांना स्पर्धाच उरत नाही, आणि चमचाभर चिखलात त्यांचा बुजबुजाट होतो. शेकाट्याला आयतं ताट. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी, मुंबईत ठाण्याच्या खाडीत हेच वेगवेगळ्या रूपात दिसतं. शहरांच्या मैल्यावर शेवाळ पोसतं, शेवाळावर रोहित पक्षी, आणि लाखाच्या घरातला तो गुलाबी समुद्र पाहायला आपण बोटी करून जातो. ते दृश्य खोटं नाही. पण ते पाण्याचं प्रमाणपत्र नाही. पक्षी गर्दी करतो तिथे अन्न आहे, एवढंच त्यावरून कळतं. त्या अन्नाबरोबर त्याच्या पोटात काय गेलं आणि पुढच्या पिढीत काय उतरलं, हे गर्दी सांगत नाही. जिवाला ओढून घेणारी आणि आतून पोखरणारी अशी जागा असू शकते. शास्त्रज्ञ तिला पर्यावरणीय सापळा म्हणतात.

कॅलिफोर्नियातल्या केस्टर्सन नावाच्या पाणथळीची गोष्ट इथे आठवते. सॅन वाकीन खोऱ्यातल्या शेतांमधून निचरा होणारं पाणी या तळ्यांत आणून सोडलं जात होतं, आणि ही तळी वन्यजीवांसाठी राखलेल्या जागेत होती. पक्षी येत होते, पोहत होते, घरटी करत होते. १९८३ साली हॅरी ओलेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांत डोकावून पाहिलं. आपल्याकडच्या वारकरी पक्ष्याचे, शेकाट्याचे भाऊबंद तिथे घरटी करतात. त्यांच्या अंड्यांतली पिल्लं डोळ्यांविना होती, चोची वाकड्या होत्या, पाय अर्धवट होते. जमिनीतून धुऊन आलेलं सेलेनियम पाण्यातून शेवाळात, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून आईच्या अंगात आणि तिथून अंड्यात उतरलं होतं. दर पायरीला वाढत वाढत. दुर्बिणीतून त्या तळ्याकडे पाहणाऱ्याला काय दिसलं असतं? पाण्यावर निवांत तरंगणारे पक्षी.

त्या गोष्टीनं माझी नजर बदलली. आता नदीवर गेलो की मी उडू शकणाऱ्याकडे आधी पाहत नाही. शेकाट्याला पंख आहेत, पाणी नासलं तर तो तापीवर जाईल, उकई धरणाच्या फुगवट्याकडे जाईल. जो जाऊ शकत नाही त्याचं काय? टिबुकलीचं घरटं पाहिलंय कधी? ते काठावर नसतंच. कुजलेल्या पाणवनस्पतींचा एक ओला तराफा, लव्हाळ्याला अडकवून ठेवलेला, पाण्याला टेकून. अंडी घालते तेव्हा ती पांढरी असतात. घरटं सोडून जाताना ती त्यांच्यावर ओला पाला ओढते, म्हणून काही दिवसांत ती तपकिरी होतात. म्हणजे अंड्याच्या कवचावर पाण्याचा रंग चढतो. कवचाला छिद्रं असतात. आतलं पिल्लू त्या छिद्रांतून श्वास घेतं. त्या पाण्यात तेलाचा तवंग असेल तर? नदीसुरय उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूच्या बेटावर उघड्यावर अंडी घालतो. जगभरात त्याची संख्या घटतेय, तो आता संकटग्रस्त यादीत आहे. त्याचं पिल्लू आईच्या चोचीतून येईल तोच मासा खाणार. बेडूक कातडीनं श्वास घेतो, त्याच्या बेडकुळ्या तर पाण्याचाच एक भाग. चतुराची अळी पंख फुटेपर्यंत, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, त्याच डबक्याच्या तळाशी. धोका मोजायचा असेल तर तो यांच्या बाजूनं मोजला पाहिजे.

आणि यांच्या घड्याळानं.

प्रकाशाच्या अलीकडे जाळं टाकणारे एक आबा आहेत. त्यांच्याशी बोलताना मी विचारलं होतं, ‘आबा, मासा मरतो तो कधी?’ त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

‘दिवसा नाही मरत भाऊ. पहाटे मरतो. दिवसभर आभाळ असलं, रात्री वारा पडला, की उजाडायच्या आधी सगळा मासा वर येतो. तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करतो. ते दिसलं की मी समजतो.’

‘आणि पावसात?’

‘मिरगाचं पहिलं पाणी वाईट. वर्षभराची घाण एका लोंढ्यात येते. मग पुढचं पाणी चांगलं.’

‘सगळेच मरतात?’

‘मरळ राहते. मागूर राहतो. ते वरची हवा खातात. रोहू, मुरी जातात.’

मी पुढे पुस्तकांतून जे वाचलं ते सगळं या चार वाक्यांत होतं. पाण्यातला प्राणवायू म्हणजे कणगीतलं धान्य. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ती कणगी भरतात, रात्र पडली की शेवाळासकट सगळेच तिच्यातून खातात, आणि पहाटे तळ दिसतो. पाणी जितकं गरम तितकी कणगीच लहान: वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. खान्देशच्या उन्हाळ्यात उथळ डोहाचं पाणी किती तापतं हे ज्याला पायानं कळलंय त्याला सांगायला नको. त्यात जिवाणूंची भूक मिसळली की रात्रीचं खाणं दुप्पट. माशांना जगायला लिटरला चार मिलिग्रॅम तरी हवेत. पहाटे चार वाजता त्या डोहात एकही उरत नसेल आणि दुपारी तीनला बारा असतील, कारण हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायूचे बुडबुडे सोडतंय. सरासरी काढली तर सहा. कागदावर उत्तम पाणी. डोहात मेलेले मासे.

जीव सरासरीवर जगत नाहीत. त्यांना दिवसातल्या सगळ्यांत वाईट तासातून, वर्षातल्या सगळ्यांत वाईट आठवड्यातून पार व्हावं लागतं. आपल्या बहुतेक मोजण्या मात्र सरासरीच्या. नमुना साधारण महिन्यातून एकदा घेतला जातो आणि घेणारी माणसं दिवसा येतात, ऊन वर आल्यावर, शेवाळानं कणगी पुन्हा भरायला घेतल्यावर. त्यात त्यांची चूक नाही, नियमच तसा. पण आबांना जे पहाटे दिसतं ते त्या बाटलीत कधी उतरतच नाही.

दुपार माशांना सुखाची असते असंही नाही. सांडपाण्यात अमोनिया असतो, आपल्या मूत्रातून आलेला. त्यातला बहुतेक भाग एका निरुपद्रवी रूपात पाण्यात विरघळलेला राहतो, थोडासाच मोकळा आणि जहरी असतो. किती मोकळा, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरतं. पंचवीस अंशांना सामू सात असला तर शंभरातला अर्धाच भाग जहरी, आठ असला तर पाच, आणि नऊ असला तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त. शेवाळ उन्हात काम करतं तेव्हा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उपसून घेतं आणि सामू वर चढतो. म्हणजे तेच पाणी, तीच घाण, एकही थेंब वाढला नाही, आणि सकाळी सोसवणारं पाणी दुपारी कल्ले जाळतं. पहाटे गुदमरणं, दुपारी जळणं. या दोन्हींच्या मधल्या फटीत माशाचं बोटभर पिल्लू जगायचा प्रयत्न करतं.

मेलेला मासा काठाला लागला की गोष्ट संपत नाही. उष्ण, प्राणवायू संपलेल्या, कुजणाऱ्या चिखलात बोट्युलिझमचा जिवाणू जागा होतो. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर अठरा हजारांहून अधिक पक्षी त्यानंच मेले. मेलेल्या पक्ष्यातल्या अळ्यांत विष साठतं, त्या अळ्या खाणारा पुढचा पक्षी मान टाकतो, त्याच्यात पुन्हा अळ्या पडतात. सांभरला सांडपाणी कारण होतं असं मला म्हणायचं नाही. ती वेगळी परिस्थिती होती. पण ज्या परिस्थितीत हे चक्र फिरायला लागतं ती आपण आपल्या डोहांत दर उन्हाळ्यात तयार करून ठेवत असू, तर तो धोका हिशेबात धरायला नको का?

आपल्या सरकारी मापांकडे या नजरेनं पाहिलं की बरंच काही समजून येतं. नदीच्या पाण्याचे वापरानुसार वर्ग पाडलेले आहेत. पिण्याचं, अंघोळीचं, वगैरे. त्यात ‘ड’ वर्ग वन्यजीव आणि मासे यांच्यासाठी आहे. त्याच्या अटी तीन: सामू साडेसहा ते साडेआठ, प्राणवायू चार मिलिग्रॅम किंवा जास्त, मोकळा अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा कमी. संपलं. जड धातू नाहीत, कीटकनाशकं नाहीत, औषधं नाहीत, गाळात काय आहे याचा उल्लेख नाही. आणि तो अमोनियाचा १.२ चा आकडा मला दर वेळी खुपतो. कितीतरी माशांना त्याच्या खूप खालीच इजा सुरू होते. अंघोळीच्या वर्गाखाली वन्यजीवांचा वर्ग ठेवताना कुणाच्या मनात वाईट नसेल, पण विचार असा दिसतो की माणसाला पाणी जास्त चांगलं हवं आणि बगळ्याला चालून जाईल. उलट आहे. मी गोमाईत डुबकी मारून पाच मिनिटांत बाहेर येतो. बेडकुळी आयुष्यभर डुबकी मारून असते.

पाणथळींच्या कायद्यातही गोमाईला जागा नाही. १९७१ साली इराणमधल्या रामसरला जो करार झाला, त्यात नद्या, तळी, दलदली, माणसानं बांधलेले जलाशय सगळे पाणथळच आहेत. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीची पात्रं वगळली, सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले. म्हणजे गोमाईचा डोह वगळला, आणि सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजमागे साचलेली तापीही. आणि महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ कोणतं? नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या, इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली पाणथळ. १९८६ साली अभयारण्य, २०१९ साली रामसर. एक संगम आणि एक बंधारा तिकडे, एक संगम आणि दोन बॅरेज इकडे. तिकडे जे झालं ते माणसानं पाणी अडवल्यानंतरच झालं. नाशिक शहर वरच्या अंगाला असल्याचा त्रास आणि जलपर्णीचा विळखा नांदूरमध्यमेश्वरलाही आहेच, पण तिथे निदान हा प्रश्न कुणाच्या तरी टेबलावर आहे.

धोका मोजायची एक सरळ पद्धत जगभर वापरतात. जिवाला मिळणारी मात्रा भागिले त्याला सोसवणारी मात्रा. उत्तर एकपेक्षा जास्त आलं की धोका. ऐकायला स्वच्छ. पण सोसवणारी मात्रा कुठून आणायची? प्रयोगशाळेत पाणपिसू, झेब्रा मासा, शेवाळ यांच्यावर दोन-चार दिवसांचे प्रयोग करतात, एका वेळी एकच द्रव्य घेऊन. गोमाईतली बेडकुळी एका वेळी साबण, अमोनिया, फवारा, उष्णता आणि उपासमार सोसत असते. म्हणून प्रामाणिक शास्त्रज्ञ प्रयोगातून आलेला आकडा दहानं, शंभरानं, कधी हजारानं भागतात, अज्ञानाची किंमत म्हणून. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करून सोडलं जायचं. २००७ साली स्वीडिश संशोधक लार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या शुद्ध केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत मोजलं, औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तात असतं त्याहून जास्त. पुढे त्याच पाण्यात बेडकुळ्या ठेवून पाहिल्या. पाचशे पट पातळ करूनही त्यांची वाढ चाळीस टक्क्यांनी खुंटली. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण इथे यंत्राला न विचारता बेडकुळीलाच विचारलं.

सांडपाणी म्हणजे मुळातच शत्रू, असं मात्र मी मानत नाही. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ आहे. शहराचा मैला तिथल्या उथळ तलावांत सोडतात, उन्हात तो मुरतो, त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर मासे, आणि तेच मासे शहराच्या बाजारात जातात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्यानं आयुष्यभर या पद्धतीचा अभ्यास केला आणि ती वाचवली. २००२ साली ती रामसर स्थळ झाली. तिथल्या कोळ्यांना किती पाणी, किती वेळ, किती उथळ हे पिढ्यांच्या अनुभवानं ठाऊक आहे. पहाटे मासा वर आला तर ते पुढचं पाणी घेत नाहीत. मात्रा आणि वेळ सांभाळली तर घाणही अन्न होते. आपल्याकडे पाणकणीस आहे, लव्हाळं आहे, उतार आहे, ऊन तर हवं त्यापेक्षा जास्त आहे. नाला नदीला मिळायच्या आधी चार उथळ तळ्यांतून फिरवायला खान्देशात जागेचा तुटवडा नाही.

पण त्याआधी मोजायला हवं, आणि पहाटे मोजायला हवं. शहाद्याला अण्णांनीच उभ्या केलेल्या पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचं महाविद्यालय आहे, तिथे रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकणारी आमचीच मुलं-मुली आहेत. विंकलरची पद्धत त्यांना पाठ असते. काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न येऊ देता पाण्यानं भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण घालायचं आणि हलवायची. तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. एवढं काठावर उभं राहून, विजेरीच्या उजेडात दिसतं. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत काढता येतो. एप्रिल आणि मे, हे दोनच महिने घ्यावेत. जागा तीन पुरे: नाला मिळायच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या तोंडाशी, आणि खाली प्रकाशाच्या संगमावर. पहाटे चारला प्राणवायू आणि दुपारी तीनला सामू, अमोनिया आणि पाण्याचं तापमान. त्याच वहीत टिबुकलीची घरटी, त्यातली अंडी, फुटलेली किती, पिल्लं पाण्यावर उतरलेली किती, हेही लिहावं. आबांसारख्या जाळं टाकणाऱ्यांना विचारून कोणत्या सकाळी मासा वर आला ते लिहावं. त्यांना या कामाचे पैसे द्यावेत, कारण ही माहिती त्यांची आहे. आणि ती वही जूनच्या पहिल्या आठवड्यात नगरपालिकेच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या टेबलावर ठेवावी, मृगाचा पहिला लोंढा यायच्या आत.